एकाच हातावरचे दोन वण : रंगणीघरातील भाजण्याचे एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात चादरी-टॉवेलचे सूत रंगवणारी छोटी रंगणीघरे आहेत. रंग बसला की जादा रंग सुटावा म्हणून सुताच्या लडी साबणाच्या उकळत्या पाण्यात घोळवतात. वाफ बंद केल्यावरही टाकीतले पाणी बराच वेळ ७० अंशांच्या आसपास राहते. अशा टाकीतून लडी उचलताना हात भाजतो, तो कसा भाजतो आणि पुढे त्याचे काय होते, यावरून हे प्रकरण उभे केले आहे. ते एका विशिष्ट माणसाचे नाही.

कामगाराचे वय ३४, कामाचा हात उजवा. पाण्याने जड झालेली लडी दांडीवरून सटकून टाकीत आपटली आणि पाणी उसळले. हातात रबरी मोजा होता, पण आखूड, मनगटाच्या दोन बोटे वर संपणारा. उघड्या हातावरचे पाणी क्षणात निथळून गेले. मोज्यात शिरलेले मात्र आतच कोंडले आणि मोजा ओढून काढेपर्यंत चार-पाच सेकंद गेले. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजायला साधारण ५ सेकंद पुरतात, ७० अंशांच्या पाण्याला १ सेकंद. आत शिरलेले पाणी थोडे होते आणि ते लगेच निवत गेले, म्हणून कातडीची पूर्ण जाडी जळाली नाही.

रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का. या मापाने कोपराखालचा भाग दीड टक्का आणि मनगट व पंजाची पाठ मिळून १ टक्का भाजली होती. कोपराखालची जखम १२ व्या दिवशी भरली आणि तिथे आज फक्त काळसर डाग आहे. मनगटावरची जखम भरायला ३७ दिवस लागले आणि तिसऱ्या महिन्यात तिथे लाल, टणक, खाजणारा, ३ ते ४ मिलिमीटर उंच वण उभा राहिला. हात एकच, पाणी एकच, रक्त एकच.

घरच्यांचे म्हणणे होते की आंबट खाल्ले आणि भात सोडला नाही, म्हणून जखम चिघळली. कारखान्यात म्हणाले, याची कातडीच तशी. कातडी तशी असती तर दोन्ही जागी वण उठला असता. तो एकाच जागी का उठला, याचे उत्तर जखमेत कोणत्या पेशी आल्या आणि किती दिवस राहिल्या यात सापडते.

पहिला तास

नळाखाली दोन मिनिटे हात धरला, आग थोडी कमी झाली, मग कुणीतरी टूथपेस्ट थापली. इथे पहिले नुकसान झाले. भाजलेल्या जागेवर सलग २० मिनिटे वाहते गार पाणी सोडायला हवे. भाजल्यापासून ३ तासांच्या आत केले तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ लावायचा नाही, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जेमतेम जिवंत असलेली कातडीही मरते. सोलापुरात आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारे नळाचे पाणी स्वतःच चांगले कडक असते. अशा वेळी सावलीतल्या हौदातले किंवा माठातले पाणी तांब्याने ओतत राहावे. अंगठी, कडे, मनगटाचा दोरा लगेच काढावा, कारण सूज तासाभरात चढते.

या २० मिनिटांचा पेशींशी थेट संबंध आहे. भाजलेल्या जागेचे तीन पट्टे असतात, अशी मांडणी जॅक्सन या शल्यविशारदाने १९५३ मध्ये केली. मधला भाग मेलेला, बाहेरचा नुसता लाल झालेला, आणि दोघांमध्ये रक्तपुरवठा मंदावलेला, काठावर उभा असलेला पट्टा. पुढच्या दोन-तीन दिवसांत हा काठावरचा पट्टा वाचतो किंवा मरतो. मेला तर जखम आपोआप खोल होते. टूथपेस्टने उष्णता आत कोंडली, शिवाय ती खरवडून काढताना मनगटावरचा फोड फाटला आणि उघडी झालेली अंतस्त्वचा, म्हणजे कातडीचा आतला थर, वाळू लागली.

पेशींची पाळी

मेलेल्या पेशींमधून काही रेणू बाहेर सांडतात, जे एरवी पेशीच्या आतच असतात: एटीपी, एचएमजीबी-१ हे प्रथिन, मायटोकाँड्रियातला डीएनए. कातडीत कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि मास्ट पेशी (इशारा देणाऱ्या पेशी) त्यांना ओळखतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, वाहिन्या पाझरू लागतात, फोड धरतो, सूज येते. फुटलेल्या वाहिन्यांत अडकलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणारे कण) टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे संदेशरेणू ओततात. जंतूंचा शिरकाव व्हायच्या आधीच हे सगळे सुरू झालेले असते.

रक्तातून आधी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात. काही तासांत येऊ लागतात आणि २४ ते ४८ तासांत त्यांची गर्दी सर्वाधिक असते. जंतू मारण्याची त्यांची हत्यारे म्हणजे इलास्टेजसारखी विकरे, ऑक्सिजनचे तीव्र रेणू आणि डीएनएची पसरलेली जाळी. ही हत्यारे जंतू आणि आपली पेशी असा भेद करत नाहीत, म्हणून न्यूट्रोफिलनी लवकर येऊन लवकर संपावे हेच चांगले. सिंपसन आणि रॉस यांनी १९७२ मध्ये प्राण्यांमधल्या प्रयोगात दाखवले की न्यूट्रोफिल काढून टाकले तरी निर्जंतुक जखम भरते. १९७५ मध्ये लाइबोविच आणि रॉस यांनी गिनीपिगमध्ये मॅक्रोफेज कमी केले, तेव्हा मात्र जखमेतला कचरा तसाच पडून राहिला आणि नवी ऊती उशिरा आली. जखम भरण्यासाठी मॅक्रोफेजवाचून चालत नाही, हे तिथे पक्के झाले.

रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून होणारे हे मॅक्रोफेज तिसऱ्या दिवसापासून जखमेत मुख्य होतात. आधी ते दाह (जखमेची सूज-लाली) वाढवतात, मेलेली ऊती गिळतात. मग स्वतःहून मरत चाललेले न्यूट्रोफिल ते गिळतात आणि हे गिळणेच त्यांना वळण देते. ते इंटरल्युकिन-१० हा दाह शमवणारा संदेशरेणू सोडू लागतात, दाह उतरतो, नव्या वाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट (नवी ऊती विणणाऱ्या पेशी) कामाला लागतात. वरून सरकत येणारी कातडी जखम झाकते आणि पेशींची गर्दी ओसरते. कोपराखालच्या भागात हेच झाले, तेही १२ दिवसांत, कारण भाजणे उथळ होते. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत होत्या, त्यांच्या काठाने नवी कातडी जागोजागी उगवली.

वाचताना असे वाटू शकते की दाह वाढवणारे मॅक्रोफेज वाईट आणि दुरुस्तीकडे वळलेले चांगले. पुष्कळ ठिकाणी तसे शिकवलेही जाते. ते बरोबर नाही. दुरुस्तीकडे वळलेले मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा सोडतात आणि ते निघून गेले नाहीत तर तोच रेणू वण वाढवतो. २०१० मध्ये उंदरांवर झालेला लुकास आणि सहकाऱ्यांचा प्रयोग इथे डोळ्यांसमोर ठेवावा. सुरुवातीलाच मॅक्रोफेज काढले तर नवी ऊती आणि वण दोन्ही कमी झाले. मधल्या टप्प्यात काढले तर जखमेत रक्तस्राव झाला आणि ती बंदच होईना. शेवटच्या टप्प्यात काढले तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे तीच पेशी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे काम करते.

मनगटावर काय चुकत गेले

तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत दोन्ही भागांतला फरक उघड होता. कोपराखालची जागा ओली, एकसारखी गुलाबी, बोट टेकताच पांढरी होऊन लगेच लाल होणारी आणि हात लावू न देणारी. मनगटावरची लाल-पांढरी ठिपक्याठिपक्यांची, दाबल्यावर रंग सावकाश परतणारी, आणि दुखणे मात्र कमी. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे रुग्णाला वाटले. खरे तर कमी दुखणे हे खोल भाजल्याचे लक्षण आहे.

दोन्ही भागांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम रोज लावले जात होते. हे मलम जंतू आवरते, पण त्याचा पिवळट-करडा थर जखमेवर चिकटून बसतो. त्या थराखाली जखम किती खोल आहे ते कळत नाही आणि नवी कातडीही सावकाश येते. तिसऱ्या दिवशी खोली ठरवून झाल्यावर कोपराखाली पॅराफिनची (मेणाचा लेप दिलेली, न चिकटणारी) जाळी लावली असती तर जखम कदाचित आणखी लवकर भरली असती.

पण मनगटाचे सगळ्यात मोठे नुकसान पट्टी बदलण्यात झाले. उन्हाळ्यात पट्टी दुपारपर्यंत वाळून कडक होई. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात ती कोरडीच ओढली जाई. जाळी सुटताना जखमेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटत, मग त्यांच्यातून रक्त पाझरे, आणि जाळीच्या आतल्या बाजूला पातळ, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे काहीतरी चिकटून येई. तो पापुद्रा म्हणजे आदल्या चोवीस तासांत सरकत आलेली नवी कातडी. दर ओढण्याला ताजी जखम, ताज्या प्लेटलेट, ताजे न्यूट्रोफिल. तीन आठवडे असा रोज पुन्हा पहिलाच दिवस होत राहिला.

पट्टी काढायची रीत साधी आहे. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने पट्टी १० मिनिटे भिजवावी. चिकटलेली जागा सोडून कडेपासून, कातडीला समांतर अशी सोलावी, वर उचलू नये. जखमेला लागून पॅराफिनची जाळी, तिच्यावर गॉजचे जाड थर, मग पट्टी. बोटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक बोट वेगळे गुंडाळावे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत ओतू नये, ते फायब्रोब्लास्टही मारतात. हळद चिमूटभरही टाकू नये. कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत काम झाले असले तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या खरपुडीखाली पू दिसत नाही.

दहाव्या दिवशी पट्टीवर हिरवट छटा आणि गोडसर वास आला. जखमेच्या तपासणीत स्यूडोमोनास हे जंतू वाढले. ताप नव्हता, भोवती लाली पसरली नव्हती, म्हणून पोटातून प्रतिजैविक दिले नाही. मेलेला थर काढणे आणि पट्टी बदलणे एवढ्यावर भागले. इथे जंतूंच्या नुसत्या असण्यानेच हानी झाली. ते असेपर्यंत न्यूट्रोफिल येत राहतात आणि मॅक्रोफेजला वळायला सवड मिळत नाही. मधुमेहातही हे वळण अडते, म्हणून साखर तपासली, एचबीए-१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) ५.६ टक्के, म्हणजे तो संशय फिटला. हिमोग्लोबिन १०.८ होते, त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या.

खाण्याचा मुद्दा खरा होता, फक्त उलट्या बाजूने. आंबट सोडल्याने काही होत नाही, प्रथिने कमी पडल्याने होते. ५८ किलो वजनाला या काळात दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. ज्वारीचे २०० ग्रॅम पीठ म्हणजे सुमारे २० ग्रॅम, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, दोन अंडी १२, कोरडी १०० ग्रॅम मटकी २३, अर्धा लिटर दूध १६. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि मटकीची उसळ हे इथले रोजचे जेवण. त्यात अंडी-दुधाची भर पडली की हिशेब जमतो. घरच्यांनी मात्र पथ्य म्हणून दूध आणि अंडी दोन्ही बंद केली होती.

चौदावा दिवस

१४ व्या दिवशी मनगटावर नव्या कातडीची बेटे दिसत नव्हती. याच दिवशी निर्णय व्हायला हवा होता. डाइच यांच्या १९८३ च्या अभ्यासात १४ ते २१ दिवसांत भरलेल्या भाजलेल्या जागांपैकी एक तृतीयांश जागी उठलेला वण आला आणि २१ दिवसांनंतर भरलेल्यांपैकी ७८ टक्के जागी. २१ दिवसांत आपसूक भरणार नाही असे दिसले, की मेलेला थर छिलून मांडीची पातळ, ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची कातडी लावावी, हा नियम त्यातून आला. अशा कातडीच्या कलमाचा फायदा नुसता झाकण्याचा नाही. मेलेली ऊती निघते म्हणजे पेशींना बोलावणारा संदेशच थांबतो.

रुग्णाने शस्त्रक्रिया नाकारली. मजुरी हजेरीवर, मांडीची जखम वेगळी, आणि पट्टीने भरतेच आहे हा समज. त्याला दोष देता येत नाही. आठवड्याचा पगार बुडतो तो दिसतो आणि सहा महिन्यांनी मूठ वळणार नाही ते दिसत नाही. पण सल्ला देणाऱ्याने हे नीट, आकड्यांसकट सांगायला हवे होते.

२० व्या दिवशी जखमेत गडद गुलाबी, दाणेदार मांस कडेच्या वर आले. घरच्यांना ते भरत आल्याचे चिन्ह वाटले. कडेची कातडी असा चढ चढू शकत नाही, तिथेच थबकते. हलक्या दाबाची पट्टी आणि पाच दिवस सौम्य स्टेरॉइड मलम यांनी मांस खाली बसले आणि ३७ व्या दिवशी जखम बंद झाली.

बंद झाल्यावर

इथे बहुतेकांचे येणे थांबते आणि वणाचे काम इथेच सुरू होते. १९७१ मध्ये गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी भरत्या जखमेत स्नायूसारखे आकसणारे फायब्रोब्लास्ट दाखवले. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. ते जखमेच्या कडा ओढून घेतात, आधी टाइप-३ आणि मग टाइप-१ कोलॅजेन (ऊतीला बळ देणारे धागे) घालतात. जखम बंद झाल्यावर त्यांनी मरून जायचे असते. दाह लांबला की ते मरत नाहीत. टी पेशी या रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी, त्यांच्यातला टीएच-२ गट इंटरल्युकिन-४ आणि १३ सोडून त्यांना चालू ठेवतो. टीएच-१ गटाचा इंटरफेरॉन-गॅमा त्यांना आवरतो, पण मोठ्या भाजण्यानंतर पारडे टीएच-२ कडे झुकते. मास्ट पेशी वणात वाढतात. खाज बऱ्याच अंशी त्यांचीच. त्यात मनगट दिवसभर वाकते. ऊतीत बांधून ठेवलेला टीजीएफ-बीटा ताणाने मोकळा होतो आणि नव्या मायोफायब्रोब्लास्टना जन्म देतो.

एकच रेणू बदलून वण टाळता येईल, ही आशा अनेकांना होती. गर्भाच्या कातडीवर साधारण २४ व्या आठवड्यापर्यंतची जखम वणाशिवाय भरते, तिथे दाहपेशी थोड्या असतात आणि टीजीएफ-बीटा-३ चे प्रमाण तुलनेने जास्त असते. त्यावरून बनवलेले अॅव्होटर्मिन हे औषध २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरले. पेशींचा येण्याजाण्याचा सगळा क्रम एका रेणूने बदलत नाही.

तिसऱ्या महिन्यात व्हँकुव्हर मापनाने (जितका वण वाईट तितके गुण जास्त) मनगटाच्या वणाला १३ पैकी ९ गुण होते (लाली २, रंग २, लवचीकपणा ३, उंची २). कोपराखालच्या जागेला फक्त रंगाचे २. वण मूळ जखमेच्या हद्दीतच होता, म्हणून हा केलॉइड (वाढतच जाणारा वण) नव्हे. हे ठरवणे गरजेचे, कारण केलॉइड हद्द ओलांडतो, आपोआप उतरत नाही आणि नुसता कापला तर बहुधा आणखी मोठा होऊन परततो. मनगट खाली वाकवण्याची मर्यादा ८० अंशांऐवजी ४५ वर आली होती.

उपचार चार. सिलिकॉनची चकती दिवसाचे १२ तास किमान, शक्य तितके जास्त. इथल्या घामात तिच्याखाली कातडी पांढरी पडून पुटकुळ्या येऊ लागल्या, म्हणून दिवसा सिलिकॉन जेल आणि रात्री चकती, रोज साबणाने धुऊन. मापाने शिवलेला दाबमोजा, २० ते ३० मिलिमीटर पारा इतका दाब, २३ तास. दोन जोड, कारण दोन-तीन महिन्यांत ताण जातो आणि सैल मोजा निरुपयोगी असतो. खोबरेल तेलाने दिवसातून तीनदा ५ ते १० मिनिटे दाबून चोळणे, बोट वणावर घसरू न देता खालच्या ऊतीसकट हलवणे. रात्री मनगटाला आधारपट्टी.

टणक राहिलेल्या कडेला डॉक्टरांनी ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची सुई दिली: २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, एका सेंटिमीटरच्या अंतराने ०.१ मिलिलिटर, एका वेळी १ मिलिलिटरपेक्षा कमी, ५ आठवड्यांच्या अंतराने तीनदा. औषध वणाच्या गाभ्यातच जायला हवे. जाताना जोर लागतो आणि वण पांढरा पडतो. सहज गेले तर सुई खाली चरबीत आहे, तिथे खड्डा पडतो आणि पंजाच्या पाठीवर शिरा-स्नायुबंध अगदी जवळ असतात. हे औषध मॅक्रोफेज आणि टी पेशींचा दाह दाबते, फायब्रोब्लास्टचे कोलॅजेन घालणे कमी करते. दुसऱ्या सुईनंतर एका जागी कातडी फिकी पडली, म्हणून तिसरी तिथे दिली नाही.

खाज रात्री जास्त, त्यासाठी हिस्टामिन रोखणारी सेटिरिझिनची गोळी. सहाव्या महिन्यात ती जवळजवळ थांबली, म्हणजे मास्ट पेशी ओसरू लागल्या होत्या. १२ व्या महिन्यात वण १ मिलिमीटर उंच, फिका, वाकणे ७० अंश. मूठ पूर्ण वळते, दांडी धरता येते. ताकद मात्र मूळ कातडीची नाही, भरलेली ऊती जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत पोचते. दाबमोजा बंद झाला, आधारपट्टी रात्री आणखी तीन महिने चालणार आहे. कामावर आता कोपराच्या वरपर्यंत येणारे मोजे आहेत, शर्टाची बाही मोज्याच्या बाहेरून खाली सोडलेली, म्हणजे पाणी उडाले तरी आत उतरत नाही. शिवाय टाकीशेजारी सावलीत एक भरलेला पिंप आणि तांब्या ठेवला आहे.